लार्प मोहिमेत पात्रांची ताकद आणि बढती कशी आखावी

लार्प म्हणजे वेश चढवून, पात्राचे नाव आणि स्वभाव अंगी घेऊन, मैदानावर किंवा रानात प्रत्यक्ष वावरून खेळायचा भूमिका-खेळ. एका दिवसात संपणाऱ्या लार्पमध्ये पात्राच्या ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही. तेच पात्र घेऊन खेळाडू वर्षानुवर्षे येत राहतात अशा मोहिमेत मात्र तो पहिल्या दिवसापासून असतो. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवसांत अशा मोहिमांमध्ये कधी रेफरी, कधी क्रू (राक्षस वगैरे होणारे मदतनीस) म्हणून काम करतो. इथल्या आणि भारतातल्या मराठी मित्रांनी आपापल्या नियमावलीचे मसुदे वाचायला पाठवले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकात एकच चूक आढळली. आधी कौशल्यांची लांबलचक यादी लिहिलेली असते, मग त्यांच्या किमती ठरवलेल्या असतात, आणि कोणते पात्र जास्तीत जास्त किती बलवान होऊ शकेल याचा विचार “पुढे पाहू” म्हणून सोडून दिलेला असतो.

हा क्रम उलटा करायला हवा. आधी छत ठरवायचे, मग जोते, मग दोहोंमधले अंतर, त्यानंतर ते अंतर कापण्याचा वेग, आणि कौशल्यांची यादी सर्वांत शेवटी. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत. फोम आणि लेटेक्सची शस्त्रे वापरणारी, ४० खेळाडू आणि १५ जणांचा क्रू असलेली, वर्षातून ४ वेळा शनिवार-रविवारी भरणारी काल्पनिक मोहीम मी उदाहरणादाखल घेतली आहे. आपले आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

पूर्वतयारी: कागदावर चार आकडे

नियमावलीचे पहिले वाक्य लिहिण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: खेळाडू किती, क्रू किती, वर्षाला इव्हेंट किती, आणि मोहीम किती वर्षे चालवायची. चौथ्या आकड्याला बहुतेक संयोजक उत्तर देत नाहीत. “चालेल तोवर” हे उत्तर धरून बढतीचा वेग ठरवता येत नाही. ३ वर्षे धरा किंवा ५ वर्षे धरा, पण काहीतरी धरा. मोहीम पुढे वाढवता येते. आधी वाटून टाकलेली ताकद मात्र सहजासहजी परत घेता येत नाही.

क्रूचा आकडा खरा धरा. १५ जणांनी नावे दिली असली तरी रविवारी सकाळी पाय दुखत असताना, पाणी भरून जड झालेले बूट घालून पुन्हा राक्षस व्हायला ९ किंवा १० जणच उभे राहतात. ४० वीरांना पुरे पडायचे आहे ते या दहा जणांना.

टप्पा १: छत आणि जोते ठरवा

पात्र सुरू होते तेव्हाचे अनुभवगुण (ज्यांतून कौशल्ये घेतात ते गुण) म्हणजे जोते, आणि ज्यापुढे गुण साठतच नाहीत ते छत. माझी शिफारस अशी की छत जोत्याच्या दुपटीपेक्षा उंच नसावे. उदाहरणात जोते १२ आणि छत २४ धरू.

दुपटीहून अधिक अंतर ठेवले तर काय होते ते पाहा. छतच नाही, सुरुवात १० गुणांनी आणि दर इव्हेंटला २ गुण, अशी योजना कागदावर अगदी सौम्य दिसते. तीन वर्षांत १२ इव्हेंट होतात आणि पहिल्या दिवसापासून आलेल्या पात्राकडे ३४ गुण जमतात. चौथ्या वर्षी आलेला नवा खेळाडू १० गुण घेऊन त्याच्या शेजारी उभा राहतो. दोघांसमोर एकच संकट ठेवायचे असते. ते एकाला पोरखेळ वाटते आणि दुसऱ्याला अशक्य.

छत ठेवायचे नसेल, तर निदान जोते हलते ठेवा: नवे पात्र नेहमी त्या वेळच्या सर्वाधिक गुणांच्या निम्म्या गुणांनी सुरू व्हावे.

*इशारा.* अंतर वाढल्यावर नव्या खेळाडूंना “पहिल्या इव्हेंटला मरण नाही” अशी सूट देण्याचा मोह होतो. आपल्याकडे लहान भावंडांना खेळात लिंबूटिंबू म्हणून घेतात. ते बाद होत नाही, पण त्याचे खेळणे कुणी मोजतही नाही. दोन महिने वेश शिवून, भाडे भरून आलेल्या मोठ्या माणसाला लिंबूटिंबू करणे त्याला लागते. सूट देण्याऐवजी अंतर कमी करा.

टप्पा २: गुण नव्हे, मैदानावरची ताकद मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

गुण बेरजेने वाढतात, पण लढाईतली ताकद गुणाकाराने वाढते. पात्र पडण्याआधी किती हिट म्हणजे घाव सोसू शकते आणि एका वारात समोरच्याच्या किती हिट घेते, या दोन आकड्यांचा गुणाकार ही त्याची ढोबळ ताकद. नव्या पात्राला २ हिट आहेत आणि त्याचा वार १ हिट घेतो, गुणाकार २. जुन्या पात्राने गुण खर्चून हिट ५ केल्या, चिलखताच्या आणखी ३ मिळवल्या आणि दुहेरी वाराचे कौशल्य घेतले. ८ गुणिले २ म्हणजे १६. कॅरेक्टर शीटवर एकाकडे १२ गुण आहेत आणि दुसऱ्याकडे २४, म्हणजे फरक दुपटीचा; मैदानावर तो आठपट झाला. त्यात लढाई चालू असताना वैद्याने येऊन दोनदा पाच-पाच हिट भरून दिल्या, तर सोसण्याची मर्यादा १८ वर जाते आणि गुणाकार ३६ होतो. आता फरक अठरापट आहे. दुप्पट छत ठरवून आपण निर्धास्त झालो होतो ते अशा रीतीने वाया जाते.

पुढची पायरी ठरलेलीच असते. जुन्या पात्रांना लढाई सोपी वाटू लागली की संयोजक राक्षस फुगवतात. ४ हिटचा राक्षस १२ हिटचा होतो आणि त्यालाही दुहेरी वार मिळतो. जुन्यांचा समतोल साधतो, पण २ हिटचा नवा खेळाडू आता एकाच वारात पडतो.

ऑक्टोबरमधल्या एका पावसाळी रात्री, स्काउट शिबिरांसाठी भाड्याने मिळणाऱ्या एका मैदानावर मी असाच फुगवलेला राक्षस झालो होतो. रबरी मुखवट्याच्या आत वाफ धरली होती आणि डोळ्यांच्या भोकांतून कंदिलाचा पिवळा डाग तेवढा दिसत होता. मला १२ हिट मोजायच्या होत्या. सातनंतर माझा हिशेब चुकला. माझ्यासमोर पहिल्यांदाच आलेली एक खेळाडू आली. अंगरख्याची किनार तिने स्वतः हाताने घातलेली होती, कंदिलाजवळ आली तेव्हा एकेक टाका दिसत होता. तिने मला पाच वेळा नेमके टिपले आणि मी हललोही नाही. माझा एक वार तिच्या खांद्याला लागला आणि ती नियमाप्रमाणे पडली. खेळ सुरू होऊन वीस मिनिटेही झाली नव्हती. नियम आम्ही सगळ्यांनी चोख पाळले होते. पुढच्या इव्हेंटला ती आली नाही, आणि हा लेख लिहिण्यामागे ते ओल्या गवतावर पडून राहिलेले माणूस आहे.

म्हणून तीन बंधने पहिल्यापासून घाला.

१. सोसण्याची मर्यादा आणि वाराची ताकद यांपैकी एकच गोष्ट वाढू द्या. मी वाराला हात लावू देत नाही: प्रत्येकाचा साधा वार १ हिटचाच. दुहेरी वार द्यायचाच असेल, तर तो एका लढाईत एकदा, मोठ्याने पुकारून करायचा वार असावा.

२. चिलखत धरून एकूण हिट ६ च्या वर जाऊ देऊ नका. अंधारात, धावताना, आरडाओरड्यात माणूस यापुढे खात्रीने मोजू शकत नाही. त्याचा हिशेब चुकतो, समोरच्याला तो फसवतो आहे असे वाटते, आणि भांडणे लागतात.

३. हिटची किंमत चढती ठेवा: पहिली वाढीव हिट २ गुणांना, दुसरी ३, तिसरी ४. सगळे गुण एकाच जागी ओतण्याचा फायदा त्याने आपोआप कमी होतो.

*तपासणी.* नियमावलीतील सर्वांत बलवान संभाव्य पात्र स्वतः तयार करा. हे काम चतुर खेळाडूकडे सोपवा आणि त्याला “मोहीम मोडून दाखव” असे सांगा. त्याच्या पात्राचा गुणाकार नव्या पात्राच्या तिपटीहून जास्त निघाला, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नका.

टप्पा ३: बढतीचा वेग बांधा

सुरुवातीला भरभर आणि नंतर सावकाश, हा सगळ्यांना मानवणारा वेग आहे. उदाहरणातील मोहिमेत पहिल्या चार इव्हेंटना प्रत्येकी २ गुण द्या, म्हणजे १२ चे २० होतात. पुढच्या चार इव्हेंटना प्रत्येकी १, म्हणजे २४. दोन वर्षांत पात्र छताला टेकते, आणि तिसऱ्या वर्षी आलेल्यालाही छत दृष्टीच्या टप्प्यात असते.

हीच कल्पना जुन्या मोठ्या संघटनांतही दिसते. १९८३ साली टेक्सासमधील एल पासो येथे सुरू झालेल्या अ‍ॅम्टगार्डमध्ये हजेरीला क्रेडिट मिळते. पात्राच्या एखाद्या वर्गाची (योद्धा, वैद्य वगैरे) दुसरी पातळी ५ क्रेडिटना, तिसरी १२, चौथी २१, पाचवी ३४ आणि सहावी ५३ क्रेडिटना येते. पातळ्यांमधली अंतरे पाहा: ५, ७, ९, १३, १९. त्यांचे खेळ उद्यानात वरचेवर भरतात म्हणून हे आकडे चालतात. वर्षातून चारच वेळा भेटणाऱ्या मोहिमेने ते उचलले, तर सहावी पातळी गाठायला तेरा वर्षांहून अधिक लागतील. वेग नेहमी आपल्या इव्हेंटच्या संख्येवरून काढावा.

गुण कशाबद्दल द्यायचे? हजेरीबद्दल आणि क्रूमध्ये काम केल्याबद्दल, दोन्ही सारखेच. क्रूला गुण नसतील, तर जे राबतात तेच मागे पडतात, आणि मग क्रूला माणसे मिळत नाहीत.

*इशारा.* काही मोहिमांत सामान दिल्याबद्दल किंवा देणगीबद्दल मिळालेली टोकने अनुभवगुणांत बदलून मिळतात. हे करू नका. तंबू आणून देणाऱ्याचे आभार माना, त्याची पुढच्या वेळची फी माफ करा, पण ताकद विकू नका. “उत्तम अभिनय” म्हणून मतदानाने गुण वाटणेही टाळा. मते ओळखीच्यांना पडतात, आणि कोपऱ्यात बसून मनापासून खेळणारे माणूस दरवेळी रिकाम्या हाताने घरी जाते.

टप्पा ४: छताला टेकल्यावर काय द्यायचे

छत ठेवण्याला होणारा एकमेव रास्त विरोध असा की, मग जुन्या खेळाडूने यायचे कशासाठी? याचे उत्तर पहिल्या इव्हेंटपूर्वी तयार हवे, नाहीतर तिसऱ्या वर्षी दबावाखाली छत उचलले जाते.

सर्वांत चांगले उत्तर म्हणजे पद. पदामुळे पात्राचा शब्द चालतो, त्याच्या हिट वाढत नाहीत. इंग्लंडमधील ‘एम्पायर’ या मोठ्या मोहिमेत सिनेटरसारखी पदे खेळाच्या आतच निवडणुकीने भरली जातात आणि त्यांना मुदत असते. मुदत हा त्यातला कळीचा भाग आहे. ज्याला पुन्हा निवडून यायचे आहे त्याला नव्या खेळाडूंकडे मत मागायला जावेच लागते, आणि नवा माणूस पहिल्याच दिवशी कुणालातरी हवासा होतो. लहान मोहिमेतही गावचा पाटील, पाणवठ्याचा रखवालदार, तहाची बोलणी करणारा दूत अशी चार-पाच पदे सहज निर्माण करता येतात. एक वर्षाची मुदत घाला आणि एकाच पात्राला सलग दोनदाच पद घेऊ द्या.

दुसरे उत्तर अदलाबदलीचे. छताला टेकलेल्या पात्राने एखादे कौशल्य सोडून तेवढ्याच किमतीचे दुसरे घ्यावे, वर्षातून एकदा. पात्र बदलत राहते, बलवान होत नाही.

तिसरे, माहिती. जुन्या पात्राला एखादी लिपी वाचता येते, एखाद्या घराण्याचे गुपित ठाऊक असते. अशी माहिती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय उपयोगाची ठरणार नाही अशी रचा.

टप्पा ५: जादूच्या वस्तू

कॅरेक्टर शीटवरचे गुण काटेकोर सांभाळणारे संयोजक वस्तूंच्या बाबतीत सढळ होतात. प्रत्येक इव्हेंटच्या शेवटी बक्षीस म्हणून एक तलवार, एक अंगठी दिली जाते. चार वर्षांनी एकाच पात्राच्या बोटांत सात अंगठ्या असतात.

प्रत्येक वस्तूला लॅमिनेट केलेले कार्ड असावे, त्यावर क्रमांक, परिणाम आणि संपण्याची तारीख असावी. तारीख नसलेले कार्ड मैदानावर चालणार नाही असा नियम करा. एम्पायरमध्ये बहुतेक जादूच्या वस्तू एक वर्ष टिकतात आणि पुन्हा बनवाव्या लागतात. ही पद्धत कुठल्याही मोहिमेने घ्यावी अशी आहे, कारण तिच्यामुळे कारागीर पात्रांना कायम काम राहते.

यासोबत आणखी एक नियम हवा: एकाच प्रकारच्या दोन परिणामांची बेरीज होत नाही, त्यांतला मोठा तेवढाच धरायचा. हे वाक्य नियमावलीच्या पहिल्या पानावर ठळक छापा. वस्तूंतून मिळालेल्या हिटही टप्पा २ मधल्या सहाच्या मर्यादेतच धरायच्या.

टप्पा ६: मरण

मेलेल्या पात्राचे सगळे गुण नव्याला दिले, तर मरणाला अर्थ राहत नाही. काहीच दिले नाही, तर जुनी पात्रे लढाईत मागे राहतात आणि नव्यांना पुढे ढकलतात. जोत्याच्या वर साठलेल्या गुणांपैकी निम्मे नव्या पात्राला जोत्यासोबत द्यावेत. २४ गुणांचे पात्र मेले तर नवे १८ गुणांनी सुरू होईल. वस्तू आणि पदे मात्र नव्या पात्राकडे जात नाहीत. त्या कुणाच्या हाती लागतात हे मैदानावर ठरू द्या.

टप्पा ७: नोंदी

एकच मूळ नोंदवही, तिची जबाबदारी एकाच माणसाकडे, आणि प्रत्येक इव्हेंटनंतर एका आठवड्याच्या आत ती अद्ययावत. खेळाडूच्या हातातले शीट ही फक्त प्रत. फरक आढळला तर मूळ नोंद खरी. नियमावलीच्या प्रत्येक आवृत्तीवर तारीख घाला.

टप्पा ८: प्रत्यक्ष चाचणी

पहिल्या इव्हेंटपूर्वी एक दुपार काढा. सहा-सात माणसे आणि फोमची शस्त्रे पुरेशी आहेत. जोत्यावरची तीन पात्रे छतावरच्या एका पात्रासमोर उभी करा. मिनिटभरात तिघांनी त्याला पाडले पाहिजे. दहा वेळा करून निदान आठ वेळा तसे घडले पाहिजे. न घडल्यास हिटचा आकडा खाली आणा. नंतर हीच चाचणी अंधार पडल्यावर, हेल्मेट आणि मुखवटे घालून पुन्हा करा आणि प्रत्येकाला आपल्या हिट मोजता आल्या का ते विचारा. खरी दुखापत झाल्यास खेळ थांबवण्याची आरोळीही याच दिवशी सर्वांकडून म्हणवून घ्या.

चाचणीसाठी माणसे आलटूनपालटून वापरा. अंगचे कौशल्य कुठल्याही गुणांत धरता येत नाही. लहानपणापासून कोल्हापुरात मर्दानी खेळ शिकलेला, लाठी आणि दांडपट्टा फिरवलेला खेळाडू २ हिटमध्ये जे करील, ते दुसऱ्याला ६ हिटमध्येही जमणार नाही. तोच कायम छतावरचे पात्र झाला, तर चाचणी नियमांची न होता त्याची होईल.

टप्पा ९: मोहीम आधीच फुगलेली असेल तर

बहुतेक वाचक इथूनच सुरुवात करणार, याची मला कल्पना आहे. क्रम असा ठेवा.

१. हंगामाच्या मध्ये काही बदलू नका. वर्षातला शेवटचा इव्हेंट होऊ द्या.

२. सर्व पात्रांचे गुण आणि टप्पा २ मधील गुणाकार एका तक्त्यात मांडा. तो नावांशिवाय सर्व खेळाडूंना दाखवा. अंतर डोळ्यांनी दिसले की अर्धा विरोध तिथेच मावळतो.

३. रूपांतराचा एकच नियम सर्वांना लावा. उदाहरणार्थ, १२ च्या वरच्या गुणांचे निम्मे, आणि तेही २४ च्या आत. ३४ गुणांचे पात्र २३ वर येईल; २० गुणांचे १६ वर. क्रम कुणाचाही बदलत नाही.

४. प्रत्येकाला पात्र नव्याने रचण्याची एकदा मोकळीक द्या. गमावलेल्या गुणांइतकाच हा अधिकार खेळाडूंना मोलाचा वाटतो.

५. कथेत त्याचे कारण घाला. देवतेचा कोप, दुष्काळ, एखादा झरा आटणे, काहीही चालेल. फक्त त्यात कुणा एका पात्राचा दोष दाखवू नका.

६. पुढच्या इव्हेंटला राक्षसांच्या हिट त्याच प्रमाणात उतरवा.

सहावी पायरी विसरली जाते. पात्रे खाली आणली आणि क्रूच्या हातात जुनीच कार्डे राहिली, तर पहिल्याच रात्री निम्मी छावणी मरते आणि सगळा राग सुधारणेवर निघतो. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, क्रूला वेश वाटण्यापूर्वी, राक्षसांची जुनी कार्डे मोजून परत घ्या आणि फाडून टाका.